पंचवीस मिनिटांचं पोर्क, पाचशे वर्षांच्या भानगडी

सामान म्हणाल तर किरकोळ. पोर्कचा एक लुसलुशीत तुकडा, तीन चमचे मध, एक-दोन चमचे तिखट सॉस, थोडं सोया, थोडं व्हिनेगर, लसणाच्या चार पाकळ्या आणि बिडाचं जाडजूड, पसरट पॅन. अमेरिकेत आठवड्याच्या मधल्या वारी, ऑफिस-शाळा आटपून घरी आलेली माणसं हा पदार्थ हमखास करतात. एक भांडं, एक चिमटा आणि पंचवीस मिनिटांत ताटात चकचकीत, चिकट, गोड-तिखट पोर्क! पण त्या पॅनमध्ये जे जे पडतं, त्यातल्या प्रत्येकामागे काही ना काही भानगड आहे. त्यात दर्यावर्दी आहेत, औषध कंपनी आहे, शवविच्छेदन आहे, पूर आहे आणि चक्क एक दरोडाही आहे. पॅन तापेपर्यंत ऐकून घ्या.

सगळ्याला जबाबदार साल: 1493

अमेरिका खंडात मुळात पाळीव डुक्कर नव्हतं आणि ऊसही नव्हता. मिरची मात्र अस्सल तिथली. कोलंबस पहिल्या सफरीवरून 1493च्या मार्चमध्ये स्पेनला परतला, तेव्हा त्याने आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत मिरचीही होती. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वारी 17 जहाजं घेऊन पुन्हा निघाली. वाटेत कॅनरी बेटांवर आठ डुकरं जहाजात चढली, उसाची कांडीही निघाली. म्हणजे एकाच वर्षात तिखट इकडे आलं आणि मांस नि गोड तिकडे गेलं. पुढे कधीतरी या तिघांची एका तव्यात गाठ पडणार, हे तेव्हाच ठरलं म्हणायचं.

डुकरांनी नव्या मुलखात बस्तान कसं बसवलं, तेही भन्नाट आहे. 1539 मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार 13 डुकरं घेऊन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला. तीन वर्षांनी तो वारला तेव्हा कळप सातशेच्या घरात गेला होता. मधल्या काळात सगळं सैन्य रानोमाळ भटकत होतं, उपाशी राहत होतं, पण डुकरं मजेत होती. मुळं, कंद, फळं, जे मिळेल ते खाऊन वाढायचं, हा त्यांचा खाक्या. मध देणारी युरोपीय मधमाशी अमेरिकेत पोहोचायला मात्र 1622 साल उजाडलं. तीही जहाजातूनच व्हर्जिनियात उतरली.

आणि उसाच्या रसापासून दाणेदार साखर करायची विद्या? ती आपल्याकडून निघून इराण, अरबस्तान करत भूमध्य समुद्रापर्यंत गेली होती. त्यामुळे या परक्या पदार्थाच्या गोडव्यात आपलाही थोडा वाटा आहे.

पांढरं म्हणा, पण ते लालच

झटपट रात्रीच्या जेवणासाठी डुकराचा जो भाग वापरतात तो टेंडरलॉइन. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेला लांबट स्नायू, वजनाला साधारण अर्धा किलो. या स्नायूला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून तो इतका मऊ. चरबी इतकी कमी की कातडी काढलेल्या चिकन ब्रेस्टच्या पंगतीत बसावी. नुसतं ‘लॉइन’ नावाचा तुकडा वेगळा असतो बरं का. तो रुंद, जाड, ओव्हनमध्ये निवांत भाजायचा. नाव सारखं म्हणून तो उचललात तर पंचवीस मिनिटं विसरा.

1987 मध्ये अमेरिकेतल्या पोर्कवाल्यांनी एक जाहिरात मोहीम काढली. लोक लाल मांस सोडून चिकनकडे वळत होते, तेव्हा पोर्क म्हणजे ‘दुसरं पांढरं मांस’ असं घोषवाक्य ठोकून दिलं. मोहीम तुफान चालली. गंमत अशी की त्याच देशाचं कृषी खातं पोर्कला लाल मांसातच धरतं. मांसाचा रंग ठरतो मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनावर, आणि ते पोर्कमध्ये गाईच्या मांसापेक्षा कमी असलं तरी चिकनपेक्षा जास्त असतं. जाहिरातवाल्यांनी शास्त्राला कोपरखळी मारली आणि गिऱ्हाइकांनी ती गोड मानून घेतली.

जाता जाता, अमेरिकेचा तो उंच टोपीवाला, बोट रोखणारा ‘अंकल सॅम’ही या धंद्यातूनच आला असं मानतात. सॅम्युअल विल्सन हा न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा मांसाचा व्यापारी. 1812च्या युद्धात तो सैन्याला मांसाची पिंपं पुरवायचा आणि त्यांवर ‘यू. एस.’ असा शिक्का असायचा. सैनिक म्हणायचे, ही सॅमकाकाची पिंपं. 1961 मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून या विल्सनलाच मूळ अंकल सॅम ठरवून टाकलं.

बिडाची ऐट

बीड उष्णता भराभर पसरवतं, असा अनेकांचा समज असतो. खरं तर या बाबतीत ते ढ आहे. ॲल्युमिनियम त्याच्या कितीतरी पट चपळ. बिडाचा गुण वेगळाच: ते जड असल्यामुळे एकदा तापलं की तापलेलं राहतं. गार मांसाचे तुकडे वर पडले तरी दबत नाही. पातळ पॅनमध्ये तेच तुकडे टाका, पॅन गार पडेल, मांसाला पाणी सुटेल आणि भाजण्याऐवजी उकडणं सुरू होईल. म्हणून बीड मध्यम आचेवर निदान पाच मिनिटं तापू द्यायचं. घाईचा पदार्थ असला तरी इथे घाई नको.

तापलं का, हे बघायला पाण्याचा थेंब टाका. थेंब फसफसून लगेच उडाला तर अजून थांबा. पाऱ्यासारखा गोळा होऊन नाचत पळाला तर पॅन तयार. योहान गॉटलोब लाइडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने 1756 मध्ये या नाचऱ्या थेंबाचं वर्णन छापलं. त्याने निखाऱ्यावर तापवलेला लोखंडी चमचा वापरला होता. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब त्यावर तरंगतो. साध्या पाण्याच्या बाबतीत हे 190-200 अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं, म्हणजे आपल्या कामाला अगदी बरोबर.

टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्ग या चिमुकल्या गावात जोसेफ लॉज नावाच्या गृहस्थाने 1896 मध्ये बिडाच्या भांड्यांचा कारखाना काढला. तो अजून चालू आहे आणि अमेरिकेतल्या असंख्य स्वयंपाकघरांतली पॅन तिथलीच असतात. बिडाची भांडी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे त्या देशाला जुनंच ठाऊक. जॉर्ज वॉशिंग्टनच्या आईने आपल्या मृत्युपत्रात स्वयंपाकघरातल्या लोखंडी भांड्यांचेही वाटे करून ठेवले होते.

1912ची दुहेरी बक्षिसी

या पदार्थाची अर्धी मजा पोर्कला येणाऱ्या तपकिरी, खमंग थरात असते, उरलेली अर्धी तिखटात. दोन्हींचे धागे एकाच सालात सापडतात.

1912 मध्ये लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली की काय होतं, याचा निबंध मांडला. त्याला स्वयंपाकात काडीचा रस नव्हता. शरीरात प्रथिनं कशी तयार होतात, या कोड्याच्या मागे तो होता. पण पावाचा खरपूस पापुद्रा, भाजलेली कॉफी, परतलेला कांदा, तव्यावरचं पोर्क, सगळ्यांच्या वासामागे आता त्याचंच नाव लागतं. ही प्रक्रिया पायरी पायरीने उलगडून दाखवली जॉन हॉज या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने, 1953 मध्ये.

यातून निघालेला एकच नियम लक्षात ठेवा. ओलं मांस तपकिरी होत नाही. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि हा खमंग खेळ रंगतो 140च्या पुढे. म्हणून पॅनमध्ये टाकण्याआधी तुकडे कागदी रुमालाने टिपून कोरडे करायचे.

आणि हो, मोठ्या आचेवर भाजल्याने मांसाचा रस आत ‘बंद’ होतो, ही थाप आहे. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती पसरवली आणि आजही टीव्हीवरचे शेफ ती बिनधास्त सांगतात. तो थर जलाभेद्य वगैरे काही नसतो. पॅनमधला चर्र आवाज म्हणजे रस बाहेर पडून उडत असल्याचाच आवाज! भाजायचं ते चवीसाठी.

आता तिखट. त्याच 1912 साली डेट्रॉइटच्या एका औषध कंपनीत विल्बर स्कोव्हिल मिरचीचा जहालपणा मोजायची युक्ती शोधत होता. मिरचीच्या अर्कापासून कातडीवर लावायचे मलम करत, त्यासाठी मोजमाप हवं होतं. त्याने मिरचीचा अर्क घेतला, साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि चाखणाऱ्यांना विचारत राहिला, ‘अजून झोंबतंय?’ जितक्या पट पातळ केल्यावर झोंबणं थांबेल, तितके स्कोव्हिल अंक. हालापेन्यो मिरची 2,500 ते 8,000, आणि मिरचीतलं शुद्ध कॅप्सेसिन 1 कोटी 60 लाखांवर. बघा, तिखटाचं हे जगप्रसिद्ध माप उभं राहिलं ते गोड पाण्यात. साखर तिखटाची धार बोथट करते, हेच तर आपल्या ग्लेझचं, म्हणजे पोर्कवरच्या चकचकीत लेपाचं, सगळं भांडवल. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला हे समजावून सांगावं लागत नाही.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. म्हणून तोंड पोळलं की पाणी पिऊन उपयोग नसतो, दूध प्यावं. आणि तिखट ही चव नाहीच. जिभेवरचा जो ग्राहक 43 अंशांच्या वरच्या उष्णतेने जागा होतो, तोच कॅप्सेसिननेही जागा होतो, म्हणून मेंदूला वाटतं तोंडाला आग लागली. डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये हा ग्राहक शोधला आणि 2021च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. व्यवहारातला धडा असा की कढत ग्लेझ कोमट ग्लेझपेक्षा जास्त झोंबतं. चव बघून तिखट वाढवायचं असेल तर चमचा आधी फुंकून घ्या.

गोड शेवटी. म्हणजे शेवटीच!

इथे बहुतेकांचा पदार्थ बिघडतो. मांस मधात मुरवतात आणि तसंच तापल्या पॅनमध्ये टाकतात. दोन मिनिटांत बाहेरून कोळसा, आतून कच्चं. कारण मधात फळातली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, भरपूर असते आणि ती 110 अंशांच्या आसपासच करपायच्या वाटेला लागते. नेहमीची साखर 160च्या पुढे. आपलं पॅन दोनशेवर. मधाने तिथे करायचं काय?

म्हणून क्रम असा. टेंडरलॉइनच्या बोटभर जाडीच्या चकत्या कापा, टिपा, मीठ-मिरपूड लावा. तापल्या पॅनमध्ये थोडं तेल, त्यात चकत्या, एकमेकींपासून सुट्या. एका बाजूने तीन मिनिटं हलवायच्या नाहीत. उलटा, आणखी दोन-तीन मिनिटं. मग ताटलीत काढून ठेवा आणि आच कमी करा.

आता पॅनच्या बुडाला चिकटलेली तपकिरी खरवड बघा. ती धुऊन टाकणाऱ्याला माफी नाही, चव सगळी तिथेच आहे. ठेचलेला लसूण अर्धा मिनिट परता. वाटीत आधीच कालवलेलं मिश्रण ओता: तीन चमचे मध, दोन चमचे सोया, एक चमचा व्हिनेगर, एक-दोन चमचे तिखट सॉस, दोन चमचे पाणी. चर्र होईल तेव्हा लाकडी उलथन्याने खरवड सोडवून घ्या. या पाण्यामुळेच मध वाचतो: पाणी आहे तोवर मिश्रण शंभरीच्या आसपास राहतं, ते आटलं की पारा झपकन चढतो. म्हणून इथून पुढे फोन घ्यायचा नाही, दार उघडायला दुसऱ्याला पाठवायचं. दोन मिनिटांत उलथन्याने मधोमध रेघ ओढली की क्षणभर तळ दिसायला लागेल. चकत्या परत आत टाका, घोळा, गॅस बंद.

अननस घालायची हौस असेल तर डब्यातला घाला. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं मांस पचवणारं एन्झाइम असतं. त्यात पोर्क फार वेळ मुरवलं तर पिठूळ लगदा होतो. डब्यातला अननस उष्णता देऊन भरलेला असतो, त्यामुळे त्यातलं ब्रोमेलेन निकामी झालेलं असतं.

मधाऐवजी कोल्हापूरकडची काकवी वापरून बघाच. मला विचाराल तर मधापेक्षा सरस. नुसत्या गोडापलीकडची, किंचित कडसर खोली तिला असते.

आतून गुलाबी?

पोर्क म्हटलं की पूर्वीच्या अमेरिकी आया ते चपलेच्या तळासारखं होईपर्यंत शिजवायच्या, त्यामागे एक किडा होता. 1835 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट हा 21 वर्षांचा, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदनाला उभा होता. प्रेताच्या स्नायूंत पांढरे, खरखरीत ठिपके दिसले. असे ठिपके इतरांनीही पाहिले होते, पण त्यांनी दुर्लक्ष केलं. या पोराने सूक्ष्मदर्शक मिळवला, बघतो तर ठिपक्यात वेटोळं घातलेली अळी! तिचं शास्त्रीय वर्णन करून नाव ठेवलं रिचर्ड ओवेन यांनी. त्याच ओवेननी पुढे 1842 मध्ये ‘डायनोसॉर’ हे नावही दिलं. एवढ्याशा अळीपासून थेट डायनोसॉरपर्यंत, बारशाला ओवेनच.

ही अळी अर्धकच्च्या पोर्कमधून माणसात जाते, हे कळल्यावर युरोप हादरला. 1880च्या दशकात जर्मनी, फ्रान्स वगैरे देशांनी अमेरिकी पोर्कवर बंदी घातली. त्यात भीती किती आणि आपल्या शेतकऱ्यांची काळजी किती, यावर तेव्हाही वाद होता. अमेरिकेने मांसतपासणीचे कायदे केले, मग 1891 मध्ये जर्मनीने दार उघडलं.

पुढे डुकरांना कच्चा खरकटवाडा घालणं थांबलं, बंदिस्त पैदास वाढली आणि अमेरिकेतल्या बाजारातल्या पोर्कमधून ही अळी जवळपास हद्दपार झाली. आता तिथे तिची लागण झालीच तर बऱ्याचदा अस्वलासारख्या शिकारीच्या मांसातून. शेवटी मे 2011 मध्ये तिथल्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांसाठी जुना 71 अंशांचा नियम खाली आणला: आतलं तापमान 63 अंश आणि मग तीन मिनिटं विश्रांती. या तापमानाला मध्यभागी फिकट गुलाबी झाक राहते आणि मांस रसाळ लागतं. खिम्याला मात्र 71च, कारण बाहेरचे जंतू दळताना आतवर जातात.

हा हिशोब तपासणी झालेल्या, फार्मवरच्या डुकरांचा. आपल्याकडे मोकाट डुकरांच्या मांसात फीतकृमीच्या गाठी असू शकतात. खात्रीच्या दुकानातून घ्या, आणि शंका असेल तर पूर्ण शिजवा, गुलाबीचा हट्ट धरू नका. थर्मामीटर मात्र घ्याच. अंदाजाने पोर्क शिजवणारे पुष्कळ बघितले, त्यांच्या पाहुण्यांचे जबडेही बघितले.

बाटल्यांच्या कुळकथा

कोंबड्याचं चित्र नि हिरवं टोपण असलेली स्रिराचा या तिखट सॉसची बाटली: व्हिएतनाम सोडून आलेल्या डेव्हिड ट्रॅन यांनी 1980 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कंपनी सुरू केली आणि तिला नाव दिलं ज्या मालवाहू जहाजातून ते निर्वासित म्हणून सुटले त्याचं. कोंबडा कशाला? चिनी पंचांगाप्रमाणे त्यांचं जन्मवर्ष कोंबड्याचं.

मधाऐवजी मेपल सिरप घालणाऱ्यांनी ऐका. एक लिटर सिरपला साधारण 40 लिटर झाडाचा रस आटवावा लागतो. माल इतका मोलाचा की कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्याचा राखीव साठा असतो. 2011-12 मध्ये चोरांनी त्यातलं जवळजवळ 3,000 टन सिरप हळूहळू लांबवलं. काही पिंपांत चक्क पाणी भरून ठेवलं होतं!

आणि मळी. 15 जानेवारी 1919 रोजी बॉस्टन शहरात मळीची प्रचंड टाकी फुटली. सुमारे 87 लाख लिटर चिकट लोंढा रस्त्यावरून धावला आणि 21 माणसं दगावली. ग्लेझ तव्याबाहेर उतू गेलं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे आठवावं.

गोवा, वसई आणि शिरका

गोड-आंबट-तिखट पोर्कचा आपला चुलत भाऊ गोव्यात बसला आहे. पोर्तुगीज खलाशी वाइनच्या व्हिनेगरात नि लसणात मुरवलेलं मांस खायचे. गोव्यात त्याला माडाच्या सुरेचा शिरका मिळाला, पोर्तुगिजांच्याच जहाजांतून आलेली मिरची मिळाली आणि विंदालू जन्माला आलं. त्यात चिमूटभर गूळ किंवा साखर टाकणारी घरं आहेत. वसई, उत्तन, गोराईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींचं पोर्क इंदयालही याच गोत्रातलं. यांचा बॉटल मसाला पावसाळ्याआधी कुटून बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं ते नाव. फरक एकच, पण मोठा: विंदालू दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं, तव्यावरचं चकचकीत पोर्क त्याच रात्री संपवायचं. गार झालं की ग्लेझ चिवट होतं, चकाकी जाते. उरलंच तर उभ्या पट्ट्या कापून पावात भरा, वर कच्चा कांदा आणि लिंबू.

पॅन धुताना घाबरू नका. बिडाला साबण लावू नये हा दंडक जुन्या, कॉस्टिक सोडा असलेल्या साबणांच्या काळचा. तो साबण तव्यावरचा तेलाचा मुरलेला थर खाऊन टाकायचा. आजच्या भांड्यांच्या सौम्य साबणाने काही होत नाही. चिकटलेल्या ग्लेझला तर घासायचीही गरज नाही. शेवटी ती साखर आहे. पॅनमध्ये वाटीभर कोमट पाणी घालून दोन मिनिटं उकळा, सगळं आपोआप सुटून येईल. तापल्या पॅनवर गार पाणी मात्र ओतू नका, बीड तडकतं. पुसून कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा आणि गॅसवर मिनिटभर ठेवा.